हिशेब मागणे हाही हक्कच आहे

हक्क म्हटला की आपल्यापुढे राखीव जागा येतात, शिष्यवृत्ती येते, पाणवठा येतो, न्यायालयाचा दरवाजा येतो. ग्रामपंचायतीच्या कपाटात धूळ खात पडलेली रोकडवही काही आपल्यापुढे येत नाही. परंतु आपल्या वस्तीपर्यंत गटार का आले नाही, नळ कोरडा का, याचे उत्तर पुष्कळदा त्याच वहीत दडलेले असते. त्या वहीची तपासणी वर्षानुवर्षे लांबत असेल, तर ती नुसती कारकुनी दिरंगाई राहत नाही. तो आपल्या हक्काचा प्रश्न होतो.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावी, असा महाराष्ट्रात नियम आहे. शिवाय अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासासाठी समाजकल्याण विभागामार्फत वेगळा निधी येतो. हा पैसा खरोखर आपल्या वस्तीत उतरला, की दुसऱ्याच आळीच्या रस्त्यात मुरला? तोंडी आरोपाने हे सिद्ध होत नाही. ते सिद्ध होते लेखापरीक्षणाने, आणि तेही वेळेवर झालेल्या लेखापरीक्षणाने.

वेळेवर, हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. पुरावा नासतो, हे वकिली करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. पाच वर्षांनी तपासनीस गावात येतो, तेव्हा सरपंचाची मुदत संपलेली असते, ग्रामसेवकाची बदली झालेली असते, पावत्या गहाळ झालेल्या असतात, आणि कागदावर बांधलेला रस्ता पावसाने वाहून गेला असे सांगणे सोपे झालेले असते. मग आक्षेप लिहिला जातो, त्यावर खुलासा मागविला जातो, आणि खुलाशाची वाट पाहण्यात आणखी वर्षे जातात. अपहार करणाऱ्यास याहून सोयीची व्यवस्था कोणती असणार?

या दिरंगाईची आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्या घरात शिरणारी आहे. राखीव जागेवरून आपली एखादी भगिनी किंवा बंधू सरपंच होतो. ग्रामपंचायतीचा धनादेश सरपंच व ग्रामसेवक यांच्या सह्यांनी निघतो. गावातील जुने कारभारी म्हणतात, सही करा, बाकीचे आम्ही पाहतो. त्या वर्षीची तपासणी त्याच वर्षी झाली, तर चूक तेथल्या तेथे उघडी पडते व सही करणारा सावध होतो. ती लांबली, तर अनेक वर्षांनी वसुलीची नोटीस येते ती सही करणाऱ्याच्या दारी. पैसा खाल्लेला मात्र कागदावर कोठेच नसतो. म्हणून उशिराची तपासणी जशी अपराध्यास तारते, तशीच ती निरपराध्यासही मारते.

कायदा नाही म्हणून हे घडते, असे नाही. स्थानिक निधीच्या लेखापरीक्षणाचा मुंबईचा कायदा १९३० सालचा आहे. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीच्या हिशेबाची व तपासणीची तरतूद करण्याचा अधिकार राज्य विधानमंडळास दिला. परंतु त्या अनुच्छेदात मुदत घातलेली नाही. संविधान सभेत ३० मे १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महालेखापरीक्षकाचे पद हे बहुधा संविधानातील सर्वांत महत्त्वाचे पद असल्याचे मत मांडले होते. दिल्लीच्या तिजोरीस जो न्याय, तोच गावच्या तिजोरीस का नसावा?

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांना ४,३६,३६१ कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली, आणि तपासलेले हिशेब जनतेसमोर ठेवण्याची अट तिला जोडली. अट योग्य आहे. परंतु हिशेब रखडविणारा एक आणि अनुदानास मुकणारे सारे गाव, हा न्याय नव्हे. गावात सर्वांत आधी ज्यांचे काम थांबते, ती वस्ती कोणाची असते, हे वाचकांस सांगावयास नको. म्हणून आमची शासनाकडे मागणी आहे की, तपासणीची निश्चित तारीख नियमाने ठरवावी, तपासनिसांची रिक्त पदे भरावी, रखडलेल्या पंचायतींची यादी दरवर्षी तालुक्यात लावावी, आणि विलंबाची जबाबदारी गावावर न टाकता संबंधित व्यक्तीवर टाकावी.

शासन करील तेव्हा करील. आपण काय करावे? ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ८ वाचा. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत, म्हणजे ३१ मेपर्यंत, पहिली ग्रामसभा व्हावी, आणि तीत वार्षिक हिशेब, तसेच शेवटची लेखापरीक्षण टिपणी व तिला दिलेली उत्तरे ठेवावीत, असे त्यात आहे. त्या सभेस एकटे जाऊ नका. वस्तीतील दहा-वीस जण, स्त्रियांसह, मिळून जा. टिपणी कोणत्या वर्षाची आहे, एवढा एकच प्रश्न प्रथम विचारा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करा, आणि टिपणीची व १५ टक्के खर्चाच्या नोंदींची नक्कल मागा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत अपील करा. अर्जाची पोच जपून ठेवा.

आणि सरपंच आपला असेल, तर त्यालाही हाच प्रश्न विचारा, किंबहुना त्यालाच आधी विचारा. आपल्या माणसाचा हिशेब चोख असेल, तर दुसऱ्याचा मागताना आपला आवाज कापणार नाही. आपल्या मुलांपैकी जो लिहिता-वाचता आहे, त्याला रोकडवही वाचावयास शिकवा. सभेची नोटीस लागण्याची वाट पाहू नका; ती कधी लागणार, हे उद्याच पंचायतीत जाऊन विचारा.