सोनईत गाडीची काच खाली घ्या

शिर्डीहून राहुरीमार्गे शनिशिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या आमच्या सोनईतून जातात. शनिवारी रांगा, शनी अमावास्येला तर विचारूच नका. काचा वर, आत एसी, मागची पोरं मोबाइलमध्ये. मग देवस्थानाबाहेर सगळे एकाच जागी उभे राहून एकसारखा फोटो काढतात आणि परत फिरतात. तो फोटो जरूर काढा. पण शिंगणापूर इथून पाच-सहा किलोमीटरवर आहे आणि शनिदेव कुठं पळून जात नाहीत. अर्धा तास वाटेवरही घालवा.

ठरवून न मिळणारे फोटो इथं रस्त्यावर आहेत. गळीत हंगामात मुळा साखर कारखान्याकडं ऊस निघालेला असतो. मोळ्यांच्या ढिगावर बसलेली बाई, तिच्या मांडीवर झोपलेलं लेकरू, बैलांच्या तोंडात हिरवे वाढे. थंडीतल्या सकाळी तिरपं ऊन पडतं, तेव्हा रस्त्यावरची धूळसुद्धा देखणी दिसते. दुपारी बाराला तेच दृश्य पांढरंफटक.

असे फोटो टिपायची सवय करायची असेल तर बैलाच्या रसवंतीवर थांबा. लाकडी चरकाभोवती बैल फिरतो, घुंगरं वाजतात. पहिल्या फेरीला तुमचा फोटो हुकणारच. हुकू द्या. बैल फिरून तिथंच येणार आहे. मागं जाहिरातीचा फलक किंवा गाडी येणार नाही अशी जागा धरा आणि वाट बघा. चौथ्या-पाचव्या फेरीला एखादं पोरगं पेला घेऊन मध्येच धावतं, नाहीतर बैलच अडून उभा राहतो. तो तुमचा फोटो. फ्रान्सचा छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यानं १९३२ मध्ये पॅरिसच्या सेंट लाझार स्थानकामागं, कुंपणाच्या फटीतून, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस टिपला. तो फोटो जगभर गाजला. साचलेलं पाणी आपल्याकडं काही कमी नाही. कमी पडतं ते फटीशी उभं राहणं.

फोनचं म्हणाल तर तीनच गोष्टी. भिंग सुती रुमालानं पुसा, उसाच्या रस्त्याची धूळ त्यावर बसतेच. आणि कुलूप न उघडता कॅमेरा कसा सुरू होतो ते घरीच शिकून या. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण दोनदा दाबलं की होतो. झूम करू नका, चार पावलं पुढं जा. मात्र गाडी रस्त्याच्या कडेला नीट उतरवूनच. उसाच्या ट्रॉलीला अचानक ब्रेक लागत नाही.

आता थोडं कडू. शिंगणापुरात घरांच्या चौकटींना कवाडं नसतात, ही ख्याती ऐकून लोक थेट उंबऱ्यात उभे राहून आतले फोटो काढतात. आत कुणी जेवत असतं, कुणी आजारी पडलेलं असतं. अहो, कवाड नाही म्हणजे आत डोकावायला मोकळीक आहे असं नव्हे. उसाच्या फडाकडच्या खोपींचंही तसंच. मी स्वतः एकदा चुकलोय. चुलीपुढं बसलेल्या एका ऊसतोडीच्या बाईचा फोटो न विचारता काढला. तिनं पदर ओढला आणि म्हणाली, “भाऊ, इचारायचं तरी आधी.” तिच्यासमोरच तो पुसला.

तुम्ही म्हणाल, विचारत बसलो तर क्षण निघून जाईल. खरं आहे. म्हणून रस्त्यावरचं, लांबचं दृश्य असेल तर आधी टिपा आणि लगेच जवळ जाऊन दाखवा. नको म्हणाले तर तिथंच पुसा. चेहरा जवळून घ्यायचा असेल, लेकरू असेल किंवा कुणाचं घर असेल, तर आधी विचारायचं, मग फोटो हुकला तरी चालेल. अपघात दिसला तर फोन कॅमेऱ्यासाठी नाही, १०८ ला लावण्यासाठी काढा.

आणि काढलेला फोटो पोचवा. हंगाम संपला की ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी परततात, त्याआधी त्यांच्या मुकादमाच्या व्हॉट्सॲपवर पाठवून द्या. छापून दिलात तर फारच उत्तम, कारण फोन बदलला की त्यातलं बरंच काही हरवतं. रसवंतीवाल्याला फोटो दाखवाल तेव्हा मात्र तयारी ठेवा. तो तुमच्या कलेकडं बघणार नाही. बैल नीट आलाय का, एवढंच आधी विचारील.