सत्र कॉलेजचं, तयारी घराची

जून-जुलै आला की आपल्या मोहल्ल्यांमध्ये एकच विषय असतो. कुणाला कुठे अ‍ॅडमिशन मिळालं, फी किती भरली, कोणत्या लिस्टमध्ये नाव लागलं. एकदा पावती हातात पडली की अम्मी-अब्बा सुटकेचा श्वास टाकतात. पुढचं आता कॉलेज बघेल, असं त्यांना वाटतं. एक पिढीपूर्वी हे बऱ्याच अंशी खरंही होतं. मुलगा किंवा मुलगी सकाळी बस पकडायची, वर्गात बसायची, वर्षअखेरीस परीक्षा द्यायची.

आता चित्र बदललं आहे. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न असलेल्या बाकीच्या महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. त्यानुसार शिक्षणाचा काही भाग वर्गात होतो, काही मोबाईलच्या पडद्यावर आणि काही इंटर्नशिप किंवा प्रकल्पाच्या निमित्ताने बाहेर. म्हणजे कॉलेजचा एक तुकडा थेट आपल्या घरात आला आहे. आपलं घर त्यासाठी तयार आहे का, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही.

नेमकं बदललं काय?

नव्या रचनेत सगळा हिशेब श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा आहे. पदवीच्या एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक मिळवायचे असतात. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचं शिकवणं, तर प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचा विषय, भाषा, मूल्यशिक्षण असे अनेक छोटे-छोटे तुकडे जोडून सत्र पूर्ण होतं.

यातला काही भाग ऑनलाइन करता येतो. केंद्र सरकारचं ‘स्वयं’ हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार, एखाद्या अभ्यासक्रमाच्या सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयं’वरून करण्याची मुभा महाविद्यालय देऊ शकतं. त्याच वर्षी आयोगाने मिश्र पद्धतीचा आराखडाही मांडला. एखाद्या विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवायचा आणि उरलेला वर्गात, अशी ती कल्पना.

कागदावर हे छान दिसतं. मालेगावच्या मुलीला आयआयटीच्या प्राध्यापकाचं व्याख्यान घरबसल्या ऐकता येईल, तेही फुकट. पण थोडा हिशेब करून बघा. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे ६० तास. बारा आठवड्यांत तो संपवायचा तर आठवड्याला पाच तास लागतात. हे पाच तास शांत जागा, चार्ज असलेला फोन, पुरेसा डेटा आणि कुणी हाक न मारणं, एवढं सगळं एकत्र जमलं पाहिजे. मुंब्रा-गोवंडीतल्या एका खोलीच्या घरात किंवा भिवंडीत लूमच्या खडखडाटाला लागून असलेल्या घरात ते आपोआप जमत नाही, जमवावं लागतं.

एक वर्ष आपण गमावलं आहे

हे सांगायला भक्कम कारण आहे. कोरोनाच्या वर्षात सगळं शिक्षण एकदम ऑनलाइन गेलं. तेव्हा काय झालं, हे केंद्र सरकारच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणात नोंदलेलं आहे. २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. २०२०-२१ मध्ये हा आकडा १९ लाख २१ हजारांवर आला. एका वर्षात सुमारे १ लाख ७९ हजार विद्यार्थी कमी झाले. त्याच वर्षी देशातली एकूण संख्या मात्र ३ कोटी ८५ लाखांवरून ४ कोटी १३ लाखांच्या पुढे गेली. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी विद्यार्थ्यांची संख्याही वाढली. घट झाली ती आपल्याकडे. त्या वर्षी एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिमांचं प्रमाण ४.६ टक्के उरलं, तर २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येतलं प्रमाण १४.२ टक्के आहे.

सगळा दोष ऑनलाइन वर्गांवर टाकणं बरोबर होणार नाही. कमाई थांबली होती, हातावर पोट असलेल्या घरांतली मुलं कामाला लागली. सर्वात मोठी घसरण उत्तर प्रदेशात होती. पण महाराष्ट्रातही घट सुमारे साडेआठ टक्के होती, हे विसरता येत नाही.

पुढच्या वर्षी, २०२१-२२ मध्ये, देशातली संख्या पुन्हा २१ लाखांच्या वर गेली. यावर काही जण म्हणतील, झालं ना मग भरून. पण आकडा भरून आला म्हणजे गेलेली मुलं परत आली, असं होत नाही. नव्या वर्षात नवी मुलं दाखल होतात. ज्या मुलाने २०२० मध्ये सेकंड इयरला कॉलेज सोडून गॅरेज धरलं किंवा ज्या मुलीचं त्या काळात लग्न उरकलं गेलं, त्यांची जागा दुसऱ्याने घेतली एवढंच.

आताची परिस्थिती तेव्हासारखी नाही. वर्ग सुरू आहेत, घरात फोन वाढले आहेत. पण शिक्षण जितकं घराकडे सरकतं, तितकं ते घराच्या परिस्थितीवर अवलंबून राहतं. त्या वर्षाने शिकवलेला हा धडा आजही लागू आहे.

फोन कुणाच्या हातात?

घरात एक चांगला स्मार्टफोन असेल तर तो कुणाकडे असतो, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या महिला ३८ टक्के निघाल्या आणि पुरुष ६१.५ टक्के. हे आकडे सगळ्या समाजांचे मिळून आहेत आणि काही वर्षांपूर्वीचे आहेत. तरी आपल्या घरातलं चित्र यापेक्षा फार वेगळं असेल, असं छातीठोकपणे किती जण म्हणतील?

इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. ऑनलाइनची सोय मुलींसाठी मोठी मदत ठरू शकते. कॉलेज दूर आहे, बसची वेळ अडचणीची आहे किंवा लग्नानंतर शिक्षण पुढे न्यायचं आहे, अशा मुलींना हा रस्ता खरोखर कामाचा आहे. पण याच सोयीचा उलटा वापरही होऊ शकतो. “आता सगळं मोबाईलवर मिळतं, मग रोज कॉलेजला कशाला जायचं?” हे वाक्य काही घरांत ऐकू येऊ लागलं आहे. मुलगी घरी राहते, मग घरातली कामं तिच्याकडे येतात. लेक्चर सुरू असताना पाहुण्यांसाठी चहा टाकायला तीच उठते. सत्राच्या शेवटी हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेलेली असते, असाइनमेंट राहिलेली असते. मग सगळे म्हणतात, हिचं अभ्यासात लक्षच नव्हतं.

इल्म मिळवणं प्रत्येकावर फर्ज आहे, हे आपण जलशांमध्ये ऐकतो. त्या फर्जात मुलीला दोन तास कुणी न उठवणं हेही येतं, असं मानायला काय हरकत आहे?

तीन गोष्टींची गल्लत करू नका

पालकांशी बोलताना एक घोटाळा वारंवार दिसतो. मिश्र पद्धत, ऑनलाइन पदवी आणि दूरशिक्षण हे सगळं एकच समजलं जातं. तसं नाही.

मिश्र पद्धतीत तुमचा प्रवेश नियमित कॉलेजमध्ये असतो. काही भाग ऑनलाइन असला तरी वर्गाची हजेरी, प्रात्यक्षिकं आणि परीक्षा चुकत नाहीत. दूरशिक्षणात अभ्यास प्रामुख्याने घरून होतो. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र ही आपल्याकडची ओळखीची उदाहरणं. ऑनलाइन पदवीत संपूर्ण अभ्यासक्रमच इंटरनेटवरून चालतो. मान्यताप्राप्त दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द महत्त्वाचा. पैसे भरण्यापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर संस्था आणि तो अभ्यासक्रम, दोन्हींची नावं तपासा. गल्लीतल्या क्लासवाल्याने छापलेल्या जाहिरातीवर तीन वर्षं लावू नका.

सत्र सुरू होण्याआधी काय करावं?

सगळ्यात आधी कागदपत्रं. श्रेयांक जमा होण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याचं ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये खातं लागतं. ते डिजिलॉकरमधून उघडता येतं आणि आधारशी जोडलेलं असतं. इथेच आपली मुलं अडकतात. दहावीच्या मार्कशीटवर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मो.’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘महंमद’. कुठे ‘शेख’ आधी, कुठे शेवटी. मुलीच्या नावापुढे एका कागदावर ‘बी’ असतं, दुसऱ्यावर नसतं. नाव जुळलं नाही की खातं अडतं, शिष्यवृत्तीचा अर्जही अडतो. ही दुरुस्ती परीक्षेच्या तोंडावर होत नाही. आजच सगळे कागद एकत्र घेऊन बसा. दहावीच्या मार्कशीटवर जसं नाव आहे, तसंच आधारवर करून घ्या.

दुसरं, ‘स्वयं’वरचा विषय मनाने निवडू नका. कॉलेजने मंजूर केलेल्या यादीत तो असेल तरच त्याचे श्रेयांक निकालात धरले जातात. शिकणं मोफत असलं तरी परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तिचं शुल्क भरावं लागतं आणि परीक्षा ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. नुसते व्हिडिओ पाहून काही मिळत नाही. असाइनमेंटची मुदत संपली की संपली. बहुतेक विषय इंग्रजी किंवा हिंदीत आहेत, त्यामुळे उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी पहिले दोन आठवडे जास्त वेळ धरून चालावं.

तिसरं, फी आणि सवलती. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावं लागतं. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत आणि खुल्या प्रवर्गातली गरजू कुटुंबं ईडब्ल्यूएसमध्ये बसू शकतात. तरी कितीतरी पालक ही सवलत आपल्यासाठी नाहीच, असं समजून पूर्ण फी भरतात. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ही सवलत मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. साध्या बीए, बीकॉमच्या मुलांनी महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक व इतर योजना पाहाव्यात.

चौथं, रमजानचं नियोजन. पुढची काही वर्षं रमजान जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, म्हणजे दुसऱ्या सत्राच्या मध्यावर येणार आहे. ‘स्वयं’चं जानेवारी सत्रही तेव्हाच चालू असतं. तरावीहनंतर लेक्चर बघू, असं ठरवलेलं क्वचितच पार पडतं. सहरीनंतर, फज्रची नमाज झाल्यावर डोकं ताजं असतं, तेव्हा तास-दीड तास बसणं जमतं. त्या महिन्यातल्या असाइनमेंट आधीच्या आठवड्यांत शक्य तितक्या पुढे ढकलून नव्हे, तर उरकून ठेवाव्यात.

मोहल्ल्याचंही काम आहे

प्रत्येक घरात अभ्यासाची खोली होणार नाही. पण प्रत्येक मोहल्ल्यात एक खोली होऊ शकते. मशिदीचा वरचा मजला, जमातखाना, उर्दू शाळेचे संध्याकाळी रिकामे राहणारे वर्ग आपल्याकडे आहेत. तिथे वायफाय, दहा खुर्च्या, चार्जिंगचे पॉइंट आणि एक जुना प्रिंटर ठेवायला लाखो रुपये लागत नाहीत. मुलींसाठी वेगळी वेळ आणि एखादी शिक्षिका ठेवली तर पालकही निर्धास्त राहतील. नावं दुरुस्त करणं, अर्ज भरणं यासाठी जुम्याला तासभर बसणारे दोन-तीन सीनियर विद्यार्थी मिळाले, तर एजंटांना जाणारे पैसे वाचतील.

कॉलेजांनाही प्रश्न विचारले पाहिजेत. ऑनलाइन तासाचं वेळापत्रक आधी मिळेल का? लेक्चर रेकॉर्ड होतं का? फोन नसलेल्या मुलांसाठी संगणक कक्ष किती वेळ उघडा असतो? पालकसभेला आपण गेलो नाही तर हे प्रश्न कुणी विचारणार नाही.

शेवटी पुन्हा घराकडे येऊ. या आठवड्यात एक संध्याकाळ काढा. मुलाला किंवा मुलीला समोर बसवा आणि विचारा, तुझं वेळापत्रक काय आहे, ऑनलाइन तास कधी आहे, तेव्हा तुला काय लागेल. उत्तर एका कागदावर लिहून फ्रिजवर नाहीतर दारामागे चिकटवा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना दिसेल. त्या वेळेत टीव्ही बंद, फोन तिच्याकडे आणि चहा दुसऱ्या कुणीतरी टाकायचा. एवढं जमलं तर इन्शाअल्लाह सत्राची निम्मी तयारी झाली.