‘आधी बोलू द्या, मग आणा’ हे उत्तर मान्य करू नका

वस्तीतली आई आपल्या स्वमग्न मुलाला घेऊन शाळेत जाते, तेव्हा तिला ठरलेली उत्तरे मिळतात. ‘बोलायला लागला की आणा.’ ‘आधी एका जागी बसायला शिकवा, मग बघू.’ ‘आमच्याकडे असे शिक्षक नाहीत, दुसरीकडे बघा.’ आई मान खाली घालून परत येते. एक वर्ष जाते, दुसरे जाते. मूल दहा वर्षांचे होते आणि घरातच राहते. आमचे म्हणणे सरळ आहे. मूल शाळेसाठी तयार होण्याची वाट पाहू नका. मुलासाठी तयारी करणे हे शाळेचे काम आहे आणि कायद्याने ते शाळेवर टाकले आहे.

स्वमग्नता, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात, तो काही ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. या मुलांच्या मेंदूची घडणच थोडी वेगळी असते. बोलणे, नजर देणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे त्यांना अवघड जाते. मिक्सरचा आवाज, गर्दी, कपड्याची शिवण, एखाद्या भाजीचा वास त्यांना सहन होत नाही. एकच वस्तू ती तासन्‌तास फिरवत बसतात. रोजचा क्रम मोडला की रडून गोंधळ घालतात. काही मुले अजिबात बोलत नाहीत, तर काही भरभर बोलतात, पण त्यांना गप्पा मारता येत नाहीत. दोन स्वमग्न मुले सारखी नसतात.

यात आईचा काही दोष नाही, हे घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः सासू-सासऱ्यांनी आणि मुलाच्या वडिलांनी, नीट ऐकावे. ती कामाला जात होती म्हणून किंवा गरोदरपणी ग्रहण पाहिले म्हणून हे झालेले नाही. लस दिल्यामुळेही झालेले नाही. लसीचा संबंध जोडणारा एक लेख १९९८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तो खोटा ठरला आणि २०१० मध्ये त्याच नियतकालिकाने मागे घेतला. म्हणून धाकट्या भावंडांची गोवराची लस चुकवू नका.

वय जितके लहान, तितकी मदत जास्त लागू पडते. म्हणून खुणा ओळखा. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे मूल बोट दाखवून वस्तू मागत नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘याचा बापही उशिरा बोलला होता’ म्हणून गप्प बसू नका. बोलत असलेल्या मुलाचे बोलणे बंद झाले, तर लगेच दाखवा. आधी कान तपासून घ्या, कारण ऐकू कमी येत असले तरीही मूल हाकेला ओ देत नाही. अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुले तपासते. तिथून मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्रात पाठवता येते. हे सगळे मोफत आहे.

गंडेदोरे, अंगारा, बुवा यांवर पैसा घालवू नका, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पण आता पांढरा कोट घातलेले बुवाही आहेत. स्टेम सेलच्या इंजेक्शनाने मूल पूर्ण बरे करू, असे सांगून ते लाखो रुपये मागतात. स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितले आहे. त्यासाठी दागिने गहाण ठेवू नका, व्याजाने पैसे काढू नका. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. शिकवल्याने मात्र फरक पडतो, आणि म्हणूनच शाळा महत्त्वाची.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगतेचे २१ प्रकार आले आणि त्यांत स्वमग्नता आहे. या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि त्याला लागतील त्या सोयी करायच्या आहेत. ज्याच्या प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगता आहे, त्याला कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वर्षे वयापर्यंत घराजवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १३ तर सांगते की प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घ्यायचीच नाही. घेतली तर पहिल्या वेळी शाळेला २५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणून प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. शाळा नाही म्हणाली तर ‘नकार लेखी द्या’ एवढेच सांगा. तरीही दार बंद राहिले तर गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जा, आणि तिथेही काम झाले नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार पाठवा. एकट्या आईला पाठवू नका, वस्तीतली चार माणसे सोबत जा. सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विमा योजनेत स्वमग्न व्यक्तीला वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. तिचीही चौकशी करा.

शिक्षकांची अडचण खोटी नाही. पन्नास मुलांच्या वर्गात एक मूल सारखे उठून पळत असेल, तर एकट्या बाई काय करणार? पण त्यावर उपाय मुलाला घरी पाठवणे हा नाही. समग्र शिक्षेत समावेशित शिक्षणासाठी विशेष शिक्षक असतात. ते गट साधन केंद्रात किंवा शहर साधन केंद्रात भेटतात. एकेकाकडे अनेक शाळा असतात, म्हणून मागणी करावी लागते. सुरुवातीला मूल रोज एक तास बसले तरी चालेल. त्याची जागा ठरलेली असावी, भिंतीवर दिवसाचा क्रम चित्रांनी लावावा आणि गोंगाट वाढला तर त्याला बसायला एक शांत कोपरा असावा. याला मोठा खर्च लागत नाही.

घरीही शिकवता येते. मुलाशी आपल्या घरच्या भाषेतच बोला. दोन भाषांमुळे मूल स्वमग्न होत नाही आणि त्यामुळे त्याचे बोलणे मागेही पडत नाही. बिस्किटाचा पुडा, पाण्याचा ग्लास, संडास, झोप यांची चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवा आणि हवे ते चित्र दाखवायला शिकवा. चित्रे दिली की मूल बोलणार नाही, ही भीती खरी नाही. मागता येऊ लागले की त्याची आदळआपटही कमी होते. भांडी लावणे, कपडे घडी करणे, दुकानातून एक वस्तू आणणे, नळावर आपली पाळी येईपर्यंत थांबणे हे सगळे शिक्षणच आहे. सार्वजनिक शौचालयाचा अंधार आणि आवाज यांना मूल घाबरते. त्याला गर्दी नसलेल्या वेळी रोज नेऊन सवय लावा.

‘अशी मुले फार हुशार असतात, पुढे काहीतरी मोठे करतात’ असेही लोक म्हणतात. अमेरिकेतील टेम्पल ग्रँडिन साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या आणि पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. हे खरे आहे. पण प्रत्येक मूल तसे होईलच असे नाही, आणि तसे झाले तरच त्याला शिकवायचे असेही नाही. कोणी दहावीला बसेल, तिथे लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. कोणी एखादे काम शिकून पोट भरेल. कोणी स्वतः जेवेल, आंघोळ करेल आणि दुखते कुठे ते सांगेल. या तिन्ही मुलांचे शिक्षण सारखेच मोलाचे आहे.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले, हे आपल्या घरातल्या पोरांनाही ठाऊक असते. शाळेने वेगळे बसवलेल्या मुलाचे दुःख ज्या समाजाला माहीत आहे, त्या समाजाच्या वस्तीत एखाद्या मुलाला ‘वेडा’ म्हणून हाक मारली जाऊ नये. विहारातल्या अभ्यासिकेत या मुलालाही जागा द्या. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या आवाजाने ते कान झाकून किंचाळले तर त्याच्या आईला दटावू नका. त्याच्या गल्लीतून जाताना तेवढा वेळ आवाज कमी करा.

जूनमध्ये शाळा उघडतात. आपल्या गल्लीत सहा वर्षांचे झालेले आणि शाळेत न गेलेले असे मूल आहे का, ते आजच विचारा. असेल तर त्याच्या आईबरोबर अर्ज घेऊन शाळेत जा.