ठासणीची बंदूक, तिची माशी आणि साठीनंतरचे डोळे

"डॉक्टर, बंदुकीची माशी नीट दिसत नाही. जरा मोठी बसवून घेऊ का?"

तळीयेच्या बाजूचे एक आजोबा बीपीच्या गोळ्या घ्यायला आले होते. उठता उठता त्यांनी हा प्रश्न विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय अडुसष्ट. मुलगा-सून मुंबईला, घरी म्हातारा-म्हातारी दोघंच. डोंगराला लागून भाताची खाचरं, वरच्या अंगाला थोडी नाचणी. तळीये म्हटलं की बाहेरच्या माणसाला २२ जुलै २०२१ ची दरड आठवते. पण इथल्या माणसाला त्यानंतरही शेत कसायचंच आहे, आणि पीक हाताशी आलं की रानडुकरं एका रात्रीत खाचर लोळवून जातात.

महाड-पोलादपूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अनेक घरांत ठासणीची बंदूक असते. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून गजाने ठासायचे, म्हणून ठासणीची. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीक राखण्यासाठीच्या अशा बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. नळीच्या टोकावर जो बारीक मणी असतो, तीच माशी. काही बंदुकांना डोळ्याच्या बाजूला एक खाचही असते. पुष्कळदा तीही नसते.

आजोबांना मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. डाव्या डोळ्याने बऱ्यापैकी वाचलं. उजव्याने वरच्या दोन ओळींपुढे गाडी सरकेना. नेम धरायचा डोळा उजवा, आणि त्यातच मोतीबिंदू पिकत आलेला. माशी मोठी करून काय होणार होतं?

पण ज्यांना मोतीबिंदू नाही, फक्त चाळिशी आहे, त्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे.

नेम धरताना डोळ्याला तीन अंतरं सांभाळावी लागतात: खाच हातभरावर, माशी साधारण एक ते सव्वा मीटरवर आणि जनावर पंचवीस-तीस मीटरवर. विशीतला डोळा या तिघांवर इतक्या झटपट फिरतो की सगळं एकदमच स्पष्ट आहे असं वाटतं. चाळिशीनंतर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग कडक होत जातं, साठीला ते जवळपास हलतच नाही. मग दूरच्या चष्म्यातून जनावर स्पष्ट दिसतं पण माशी पसरते. वाचायच्या चष्म्यातून माशीही धूसर आणि जनावर तर नुसता ठिपका. दुरंगी (बायफोकल) चष्म्याचा घोळ वेगळाच. गाल दस्त्याला टेकवला की मान खाली जाते आणि नजर काचेच्या वरच्या कडेतून जाते. तिथे हवा तो नंबर नसतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचंही तेच.

उपाय स्वस्त आहे. दूरच्या नंबरात साधारण अर्धा ते पाऊण प्लस मिळवून एकाच नंबराचा साधा चष्मा करून घ्यायचा. एक मीटरवरची माशी अगदी लख्ख दिसायला एक प्लस लागेल, पण मग समोरचं सगळं पुसट होतं. अर्ध्या प्लसमध्ये माशी पुरेशी रेखीव आणि दूरचं किंचित मऊ, असा सौदा जमतो. तुमच्या डोळ्याला किती लागेल ते चष्मेवाल्याने किंवा नेत्रतज्ज्ञाने चाचणीच्या काचा लावूनच ठरवावं. त्यासाठी बंदूक दवाखान्यात आणू नका (एकदा आणली होती एकाने, अख्खा वेटिंग रूम रिकामा झाला!). घरी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती खांद्याला लावा, डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर दुसऱ्याकडून सुतळीने मोजून घ्या आणि ती सुतळी खिशात घालून या.

काच पॉलिकार्बोनेटची घ्या. ठिणगी देणाऱ्या टोपीचे तुकडे आणि दारूचा भपका डोळ्यापासून वीतभरावर उडतो. नंबर नसला तरी बार काढताना डोळ्यावर काच हवीच. कानात बोळेही घाला.

आता माशीबद्दल. तिच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला तर अंधूक उजेडात ती लवकर सापडते, हे खरं. परदेशात वयस्कर नेमबाज मागच्या खाचेऐवजी बारीक भोकाची चकती वापरतात. बारीक भोकातून पाहिलं की जवळचं-लांबचं दोन्ही बरं दिसतं. चष्मा सापडत नसला की आपण डोळे बारीक करून मोबाइल वाचतो, त्यातलंच हे शास्त्र. मात्र भोक जितकं बारीक, तितका उजेड कमी, आणि डुकरं येतात ती संध्याकाळनंतर. लाल ठिपक्याचं यंत्रही मिळतं. त्यात ठिपका आणि जनावर एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, म्हणून चाळिशी आड येत नाही. पण डोळ्याला आडवा नंबर असेल तर तोच ठिपका फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो. छर्रे उडवणाऱ्या जुन्या नळीवर हा खर्च मला तरी पटत नाही. काहीही बसवायचं असेल तर परवाना शाखेला विचारून, परवानाधारक कारागिराकडूनच.

माझं खरं म्हणणं पुढेच आहे. माशी स्पष्ट दिसली म्हणून झुडपामागे काय हललं ते कळत नाही. नेम धरणं वेगळं आणि समोर डुक्कर आहे, वासरू आहे की चुलतभाऊ आहे हे ओळखणं वेगळं. जनावर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या कोकणात अधूनमधून येतातच. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उरतो. उजेडातून अंधारात आल्यावर नजर बसायलाही जास्त वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर कपाळावरच्या बॅटरीचा उजेड धुक्यावर पसरावा तसा डोळ्यातच पसरतो. काचबिंदूत बाजूचं दिसेनासं होतं आणि माणसाला ते कळतही नाही, कारण समोरचं छान दिसत असतं. मधुमेहाने पडदा खराब झालेला असेल तर कुठलाच चष्मा पुरा पडत नाही. दिवसा उन्हात मात्र बाहुली बारीक होते, सगळं ठीक वाटतं आणि माणूस म्हणतो, "माझी नजर अजून शाबूत आहे."

बंदुकीच्या परवान्यासाठी डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. कबूल करतो, मीही पूर्वी बीपी पाहून, दोन प्रश्न विचारून अशा दाखल्यावर सही केलेली आहे. आता करत नाही. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासल्याशिवाय आणि साठीच्या पुढे नेत्रतज्ज्ञाची चिठ्ठी पाहिल्याशिवाय सही नाही. यावर एक-दोघे रागावून दुसरीकडे गेले, जाऊ देत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ३ ऐवजी ५ वर्षांचा झाला. कागदासाठी ते सोयीचं असेल, पण साठीनंतरच्या डोळ्याला ५ वर्षं फार होतात. मोतीबिंदू त्याच्या निम्म्या काळात पिकू शकतो. म्हणून वर्षातून एकदा, भात पोटरीला येण्याआधी, डोळे दाखवा.

यावर गावाकडून हमखास प्रश्न येतो: "मग पीक डुकरांना द्यायचं का?" प्रश्न रास्त आहे. नुकसानीची भरपाई वेळेवर मिळत नाही ही तक्रारही मी रोज ऐकतो. पण परवाना हा बंदूक बाळगण्याचा असतो. डुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. माळ्यावर बसून डबा वाजवायला किंवा हाकाटी करायला धूसर डोळाही चालतो.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जनला आधीच सांगा की हा माझा नेमाचा डोळा आहे. साध्या भिंगाने दूरचं स्पष्ट होतं आणि माशीसाठी वर सांगितलेला चष्मा लागतो. अनेक अंतरांचं महागडं भिंग रात्री दिव्याभोवती कडी दाखवू शकतं, त्याबद्दल नीट विचारून घ्या. शस्त्रक्रियेनंतर बंदुकीचा धक्का खांद्याला कधीपासून चालेल, तेही त्यांनाच विचारा. स्वतःहून अंदाज करू नका.

आजोबांचा उजवा डोळा दिवाळीनंतर झाला. तोवर बंदूक कुलपात होती आणि चावी आजीकडे. परवा ते सुतळी घेऊन आले होते. भरली सव्वा मीटर.