वसतिगृहाचा लौकिक कोणाच्या जिवावर?

प्रवेशयादी लागली की पालक प्रथम महाविद्यालयाचा निकाल विचारतात आणि मग दबक्या आवाजात वसतिगृहाची चौकशी करतात. ‘तिथली मुले जरा त्रास देतात, पण पुढे जन्माची मैत्री होते’, हे ठरलेले उत्तर! नवागताला मध्यरात्री उठवून रांगेत उभे करायचे, अर्वाच्य बोलायला लावायचे, ही मैत्रीची कसली दीक्षा?

प्रथम वर्षाच्या मुलांना स्वतंत्र वसतिगृहात ठेवावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाची २००९ची नियमावली सांगते. चौदा वर्षांनी, ऑगस्ट २०२३मध्ये, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील प्रथम वर्षाचा मुलगा मुख्य वसतिगृहाच्या सज्जातून पडून मरण पावला. रॅगिंगच्या आरोपावरून अटक झालेल्यांत शिक्षण संपवूनही तिथेच मुक्काम ठोकलेला माजी विद्यार्थी होता. नवी मुले वेगळ्या इमारतीत हलली, ती त्यानंतर!

जादवपूरकडे बोट दाखवणे सोपे आहे. महाराष्ट्रात तर रॅगिंगविरोधी कायदा १९९९पासून आहे. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे बंधनकारक. कुचराई करणारा संस्थाप्रमुख हा गुन्ह्याला साहाय्य करणाराच मानला जातो. परंतु ‘संस्थेचे नाव जाईल’ या धास्तीने प्रकरणे रेक्टरच्या खोलीतच मिटवली जातात आणि तक्रार करणारा मुलगाच नेभळट ठरतो. नाव राखायचे ते भिंतींचे, की त्यांच्या आत झोपणाऱ्या मुलांचे?

पालकांनी प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी एवढे तरी विचारावे: प्रथम वर्षाची मुले कोणत्या मजल्यावर राहतात आणि रात्री तिथे जबाबदार माणूस कोण असतो? उत्तर लेखी मागावे.