विनोदाचा आरसा : ‘संशयकल्लोळ’

स्नेहसंमेलनासाठी नाटक निवडताना विनोदी नाटक हलके समजून बाजूस सारण्यात येते. हे मत आम्हांस मान्य नाही. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ पाहा. मोलिएरच्या १६६० मधील फ्रेंच प्रहसनाचे बीज मर्फीच्या इंग्रजी नाटकातून देवलांच्या हाती आले. पण त्यांनी त्यात परकेपणाचा मागमूसही ठेवला नाही. १९१६ साली, देवलांच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीने ते संगीतासह रंगभूमीवर आणले. गावोगाव फिरणाऱ्या त्या मंडळीत बालगंधर्व रेवती, तर गणपतराव बोडस फाल्गुनराव होत असत.

मूर्च्छित रेवतीस फाल्गुनराव सावरतात, ते कृत्तिका पाहते. रस्त्यात सापडलेली तसबीर कृत्तिका न्याहाळते, ते फाल्गुनराव पाहतात. दोघांनीही पाहिले ते खरेच. खोटा ठरतो तो मनाने काढलेला अर्थ. एवढ्यावरून एक संसार आणि एक जुळू पाहणारे लग्न डळमळते. वर्गातील किती मैत्र्या अशाच अर्धवट पाहण्याने तुटतात! कोरडा उपदेश आपण शेजाऱ्यास लागू करतो; हसता हसता मात्र स्वतःस ओळखतो. म्हणून शाळांनी हे नाटक अवश्य करावे, आणि वेळेच्या सबबीवर त्यातील पदे गाळू नयेत. त्या सगळ्या गोंधळात प्रेमाचा ओलावा पदांनीच टिकविला आहे.