परोपकार नेमका कोणी करायचा?

‘परोपकार’ हा शब्द सरकारच्या तोंडून ऐकला की आम्ही सावध होतो. फुकटच्या श्रमाला गोंडस नाव देण्याची या देशाला जुनी खोड आहे. महारकीचे वतन हाही म्हणे गावचा मान होता! प्रत्यक्षात काय होते? रात्री-अपरात्री राबायचे आणि बदल्यात तुटपुंजी इनाम जमीन व दारोदार मागितलेली भाकर घ्यायची. म्हणूनच २०२१ च्या सरोगसी (नियमन) कायद्यात ‘परोपकारी’ हा शब्द वाचला तेव्हा आमच्या मनात पहिला सवाल आला : हा परोपकार करायचा कोणी?

आधीचा पैशाचा व्यवहार चांगला होता, असे आम्ही म्हणत नाही. दुधासाठी प्रसिद्ध असलेले गुजरातचे आणंद शहर या धंद्यासाठी जगभर ओळखले जाऊ लागले. विदेशी दाम्पत्ये येत, गरीब बायका नऊ महिने वसतिगृहात राहत आणि मूल देऊन घरी परतत. नियम म्हणाल तर २००५ ची वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे, तीही बंधनकारक नव्हेत. २००८ साली बेबी मांजी प्रकरण गाजले. मुलीच्या जन्माआधीच जपानी दाम्पत्याचा घटस्फोट झाला. अंडे देणारी एक, पोटात वाढवणारी दुसरी, मूल मागणारी तिसरी. आणि कागदावर मात्र मुलीला आईच नाही! २०१२ मध्ये अहमदाबादेत एक सरोगेट माता आठव्या महिन्यात मरण पावली. घरात चूल पेटत नसताना कागदावर उठवलेल्या अंगठ्याला स्वेच्छा म्हणणे ही गरिबीची थट्टा आहे.

२०१५ मध्ये विदेशी दाम्पत्यांना बंदी झाली. पुढे २०२१ चा कायदा आला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. सरोगेट माता विवाहित असावी, तिला स्वतःचे मूल असावे, वय २५ ते ३५ असावे आणि तिने आयुष्यात एकदाच हे करावे. वैद्यकीय व ठरवून दिलेला खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा एवढेच तिला मिळेल. मोबदला नाही. पैशाचा व्यवहार केल्यास दहा वर्षांपर्यंत कैद.

आता हिशेब मांडून पाहा. डॉक्टर फी घेणार. प्रयोगशाळा, भूलतज्ज्ञ, वकील, विमा कंपनी, सगळे आपापले बिल लावणार. यांच्यापैकी कोणावरही परोपकाराची सक्ती नाही. सक्ती फक्त तिच्यावर, जिचे पोट फाडले जाणार आहे!

मूळ विधेयकात तर सरोगेट माता जवळची नातेवाईकच हवी, अशी अट होती. आपल्या घरांमध्ये धाकट्या जावेला ‘नाही’ म्हणण्याची किती मुभा असते, हे विधेयक लिहिणाऱ्यांना ठाऊक नसावे. ती अट गेली आणि ‘इच्छुक स्त्री’ आली. पण परक्यासाठी नऊ महिने फुकट झिजायला कोण येणार? एक तर दबावाखालची बाई, नाही तर टेबलाखालून पैसे घेणारी बाई. आणि असे पैसे बुडाले तर ती तक्रार कोठे करणार? व्यवहारच गुन्हा ठरल्यावर तिला तोंडच उरत नाही.

रजेचे पाहा. २०१७ च्या दुरुस्तीने मूल घेणाऱ्या आईला मूल हाती आल्यापासून १२ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. आमचा तिला विरोध नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने आपल्या सेवेतील सरोगेट मातेलाही १८० दिवस दिले. पण केंद्र सरकारी नोकरीतल्या किती बायका दुसऱ्याचे मूल पोटात वाढवायला जाणार आहेत? धुणीभांडी करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बाईला रजा कसली? खाडा झाला की मजुरी गेली.

इथे बाबासाहेबांची आठवण अपरिहार्य आहे. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले होते, की बाळंतपणाच्या आधी व नंतर बाईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानेही काही सोसावा. त्याच वर्षी त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयकही मांडले होते. त्यागाचे गोडवे गाऊन कष्टकऱ्याची मजुरी बुडवणे त्यांना दोन्हीकडे मान्य नव्हते.

आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली जात नाही. गर्भाशय कोणत्याही जातीचे चालते, बीज मात्र ‘आपल्यातले’ हवे असते. ज्या बाईच्या हातचे पाणी चालत नाही तिच्या रक्तावर नऊ महिने मूल वाढलेले चालते! जात कशी टिकते, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच दाखवून दिले होते : जातीबाहेर लग्नाला बंदी घालून. दत्तक मुलाबाबत ‘कोणाचे असेल’ ही कुजबुज त्याच मुळातून येते. मूल नसलेल्या जोडप्याचे दुःख आम्ही कमी लेखत नाही. वांझ म्हणून हिणवणारा समाज त्यांनाही छळतोच.

२०१७ मध्ये राज्यसभेच्या स्थायी समितीने परोपकाराऐवजी नुकसानभरपाईची पद्धत सुचवली होती. बुडालेली मजुरी, तिच्या मुलांची देखभाल, बाळंतपणानंतरची शुश्रूषा असा तो विचार होता. सरकारने तो स्वीकारला नाही. आमची मागणी तीच आहे. रक्कम सरकारने ठरवावी, ती दलालाच्या हाती न देता थेट तिच्या बँक खात्यात जमा व्हावी, करार तिला कळेल अशा भाषेत वाचून दाखवला जावा आणि त्या वेळी तिच्या बाजूने बोलणारा वकील हजर असावा. त्याची फी मात्र तिच्याकडून घेऊ नये.